नसलेला ब्रेक

कन्नडच्या घाटात एसटी चालवलेले सांडूआबा कुणाच्याही गाडीवर मागं बसले, की पायानं नसलेला ब्रेक दाबायचे. नात संस्कृतीला उद्यापासून त्यांच्या मोटरसायकलनं कंपनीत जायचं होतं. आबा म्हणाले, "आधी मला फिरवून आण." जालना रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मधल्या फटीतून ती निघाली, मोटारींच्या पुढच्या चाकांवर नजर ठेवून. चाक वळलं की थांबायची. आबांचा पाय फुटरेस्टवर आपटायचा. पुढं एका बसच्या डावीकडं जागा होती, तरी ती मागंच राहिली. "तिथं ड्रायव्हरला आपण दिसत नाय, आबा." तेवढ्यात बस थांब्याकडं वळली, जागा मिटली. घरी चावी देताना तिनं विचारलं, "बसनंतर तुमचा पाय एकदाबी आपटला नाय. डोळा लागला व्हता?" चावी तिच्याच हातात ठेवत आबा म्हणाले, "माझ्या पायाला तू काम कुठं ठेवलंस?"