ताईबाईचं देऊळ

“आई, ताईबाईचं देऊळ नेमकं कुठंय गं?”

मेथी निवडणाऱ्या वच्छलाबाईंचा हात थांबला. दौंडच्या रेल्वे क्वार्टरात रविवारची दुपार होती. आप्पा, म्हणजे सुषमाचे वडील सोपानराव, ड्युटीवर गेले होते आणि सुषमा पुण्याहून आणलेला रंगीत फोटोचा कागद पुढ्यात घेऊन बसली होती.

“कशाला पायजे?”

“ऑफिसात सांगायचंय. उद्याच.”

ऑफिस म्हणजे पुण्यातलं एक जुनं वस्तुसंग्रहालय. तिथल्या मूर्ती, चित्रं, दागिने सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं होतं आणि सुषमा त्यावर तात्पुरती लागली होती. सकाळच्या शटलनं जायची, संध्याकाळच्या शटलनं यायची. प्रत्येक वस्तूचा फोटो, मापं, आणि मग एक रकाना: ‘चित्रित व्यक्ती’. या रकान्यानं तिला पार वेड लावलं होतं. पगडीवाला कोण, त्याच्या मागं पंखा धरून उभी आहे ती कोण? नाव सापडलं नाही की बाकीचे ‘अज्ञात’ लिहून मोकळे व्हायचे आणि चहाला जायचे. हिला मात्र चहा गोड लागायचा नाही.

या आठवड्यात तिच्यापुढं रुपयाएवढा चांदीचा टाक आला. देव्हाऱ्यात असतात तसाच, पण याला गळ्यात घालण्यासाठी वर कडी होती. पत्र्यावर एक बाई उठवलेली. हात खाली सोडलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू, लुगड्याच्या निऱ्या. जुन्या कार्डावर ‘अज्ञात देवी’ असं लिहिलेलं होतं. ते वाचून सुषमा खुर्चीतून उठलीच. “सर, अज्ञात कसली? ही ताईबाई! माझ्या आईच्या गळ्यात आहे.”

आणि होतीच. मंगळसूत्राशेजारी, काळ्या दोऱ्यात, कायमची. आई जेवायला बसली की पहिला घास टाकाला लावायची. नवं लुगडं असो की हिरवी बांगडी, आधी ताईबाईला दाखवायची, मग अंगावर घालायची. सुषमाला ताप चढला की टाक मुठीत धरून पुटपुटायची, “ताईबाई, संभाळ गं बाई हिला.” दहावीचा निकाल लागला तेव्हा पहिला पेढा ताईबाईला मिळाला, सोपानराव हात पुढं करून तसेच उभे राहिले. आळीत दुसऱ्या कुणाकडं ही देवी नव्हती, याचा लहानपणी सुषमाला चांगलाच तोरा होता.

सर हसले होते. “देवी आहे म्हणजे देऊळ असेल. गाव, देऊळ विचारून ये. खरं निघालं तर नोंद पक्की करू, आणि तुझ्या नोकरीचंही मोठ्या साहेबांच्या कानावर घालतो.”

“सांग ना,” सुषमानं पुन्हा टुमणं लावलं. “आपल्या गावी, न्हावऱ्यालाच असणार. तू तर मला गावाकडं कधी राहूच देत नाहीस. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत. भावकीत तुमची भांडणं, त्यात देवीचा काय दोष?”

वच्छलाबाईंनी हात पदराला पुसले. कागद उचलला, दाराच्या उजेडाकडं धरला आणि निरखून पाहिला.

“ही ताईबाई न्हाई.”

“असं कसं? सेम आहे की! हात बघ, निऱ्या बघ.”

“सोनार समद्या अशाच ठोकतो. आतली बाई येगळी आसती.” त्यांनी कागद खाली ठेवला. “ह्यो सवतीचा टाक हाय. पयली बायको मेली आन् दुसरी केली, तर दुसरीनं पयलीचा टाक करून गळ्यात घालायचा. घास आदी तिला, लुगडं आदी तिला. मग तिचा जीव घरात घुटमळत न्हाई.”

सुषमाला आधी आनंदच झाला. तिनं पेन उचललं आणि कागदावर फोटोखाली छापलेलं ‘देवी’ खोडूनसुद्धा टाकलं. “म्हणजे ही खरीखुरी बाई! कुणाची तरी बायको! आई, आमच्याकडं कपाटभर आहेत गं असे, सगळ्यांना आम्ही देवी करून ठेवलंय...”

बोलता बोलता तिची नजर आईच्या गळ्याकडं गेली. पेन हातातच राहिलं.

“आप्पांची आधी एक बायको होती?”

“व्हय.”

“ताईबाई?”

“व्हय. ताईबाई.”

सुषमाला राग यायला हवा होता. पण तिचा स्वभावच असा, की आधी प्रश्न आले. “दिसायला कशी होती? काय वय होतं? गेली कशानं?”

“तुझ्यापरीस ल्हान आसंल. बाळातपनात गेली.”

“अगंबाई. आणि बाळ?”

वच्छलाबाईंनी काळा दोरा डोक्यावरून काढला. अंघोळीलासुद्धा तो कधी गळ्यातून निघाल्याचं सुषमाला आठवत नव्हतं. आईनं टाक सुषमाच्या तळव्यावर ठेवला आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी घट्ट मिटली.

“देऊळ न्हाई गं तिचं कुठं,” ती म्हणाली. “तिच्या मागं तू तेवढी हायेस.”