आढ्याचा भोपळा

“आई गेली,” तालुक्याच्या दवाखान्यातून मुलाचा फोन आला. तात्या ओसरीवर सुन्न बसले. बायामाणसं जमली, त्यांच्यामागून गावातल्या सात मुली आल्या. त्यांतली गुरवाची सायली आढ्याकडे बघून एकदम ओरडली, “तात्या, एक भोपळा कुठं गेला?”

आढ्याचे ते दोन वाळके भोपळे बायकोनं, शेवंतानं, बियांसाठी टांगलेत, असंच तात्यांना वाटायचं. “सकाळी फोडला. बी काढलं. का गं?”

“आक्का तो आमच्या कमरेला बांधायच्या. पोहायला शिकवायच्या, मळ्यातल्या विहिरीत.”

“शेवंताला पोहता येत होतं?”

“माशासारखं! तळ्यात धुणं धुताना आमची सुमन बुडाली, तेव्हापासून रोज दुपारी तुम्ही झोपलात की आम्हाला न्यायच्या. म्हणायच्या, तात्यांना सांगू नका गं, विहिरीच्या वाटेवर काटे टाकतील.”

अडतीस वर्षांचा संसार, आणि बायको पोहते हे त्यांना ठाऊक नव्हतं. काटे मात्र त्यांनी खरंच टाकले असते.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दुपारी तात्या झोपले नाहीत. उरलेला भोपळा त्यांनी सायलीच्या कमरेला बांधला आणि दोराचं टोक मुठीत धरून विहिरीच्या पायरीवर बसले. त्यांना स्वतःला पोहता येत नाही. तेव्हापासून रोज बाकीच्या मुलीच पाण्यात सायलीच्या दोन्ही बाजूंना राहतात आणि खालून ओरडतात, “तात्या, दोर ढिला सोडा की!”

त्या सहाजणी शेवंताकडूनच शिकल्या. तात्या दोर ढिला सोडत नाहीत, आणि सायलीच्या कमरेचा भोपळा अजून सुटलेला नाही.