हवेतल्या चुण्या

पहिला हादरा बसला तेव्हाच शिवणक्लासच्या बाईंनी मनाशी ठरवून टाकलं: नातीचं तोंड एकदा बघायचं, त्यानंतर लेकीनं कितीही बोलावलं तरी पुन्हा विमानात पाय ठेवायचा नाही. लेक समुद्रापलीकडे राहायची. म्हणजे नात फोटोतच वाढणार. वाढू दे. जीव आधी, नात मागून.

आधाराला म्हणून त्यांनी खुर्चीचा हात धरायला हात टाकला, तर तिथे आधीच एक हात होता.

"ताई, मला फार भीती वाटते हो," शेजारचे गृहस्थ म्हणाले. सत्तरीचे, कडक इस्त्रीच्या शर्टातले. विमान सुटता सुटता कुणाशी तरी जागा बदलून ते इथे आले होते. "तुमचा हात धरू का?"

बुडत्याला काडीचा आधार हे बाईंना ठाऊक होतं. इथे एक बुडता दुसऱ्या बुडत्यालाच काडी समजत होता. पण घाबरट मुलींना मशीनवर बसवण्यात चाळीस वर्षं गेलेली. जीभ आपसूक चालू झाली.

"अहो भाऊ, चुणी पडली म्हणून कापड फाटतं का? हवेला चुण्या पडल्यात. आपण वरून इस्त्री फिरवतोय."

"नक्की?"

"मी सांगते ना."

पुढे पाऊण तास हेच चाललं. पट्टा बांधायचा दिवा लागण्याच्या क्षणभर आधी गृहस्थांचा हात पुढे यायचा, मग विमान गचका द्यायचं, मग बाई दटावायच्या. गृहस्थ डोळे घट्ट मिटून घ्यायचे. दुसऱ्या हातातल्या काठोकाठ चहाचा मात्र थेंब सांडला नाही. तेवढी तरी शिस्त आहे, असं बाईंना वाटलं. त्यांच्या स्वतःच्या भीतीला या गडबडीत पाळीच मिळेना. शेवटच्या मोठ्या गचक्याला तर त्या चक्क हसल्या. ही चुणी जरा खोल होती, म्हणाल्या.

विमान टेकताच त्यांनी लेकीला फोन लावला आणि नातीच्या पहिल्या वाढदिवसालाही येते म्हणून कळवून टाकलं. लेकीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मग गृहस्थांचं कोपर धरून, सावकाश चला, घाई नाही, असं बजावत बाईंनी त्यांना दारापर्यंत आणलं. दारात कॅप्टन उभा होता. गृहस्थांना बघताच त्यानं टाचा जुळवून सलाम ठोकला आणि त्यांच्या कानाशी वाकला. कोपर अजून बाईंच्याच हातात होतं, त्यामुळे त्यांनाही ऐकू आलं.

"सर, तीस वर्षं आम्हाला विमान चालवायला शिकवलंत. आज ज्यांच्याजवळ घाबरलात, त्या या ताई कितव्या?"