तांब्याची पट्टी

फटाक्यांच्या कारखान्यात दारू भरायच्या खोलीत शिरण्याआधी दाराजवळच्या तांब्याच्या पट्टीवर हात टेकवायचा, म्हणजे अंगातली वीज जमिनीत उतरते. स्फोटानंतर चार महिन्यांनी कामावर परतलेली शेवंता पट्टीला हात न लावताच उंबरठ्यावर आली.

"थांब तिथंच!" मुकादम यमुनाक्का ओरडली. आतल्या अकरा जणींचे हात जागच्या जागी थांबले.

"विसरले," शेवंता शांतपणे म्हणाली.

"कालही विसरलीस. त्या स्फोटात सगुणा अंगातल्या विजेच्या अशाच एका ठिणगीनं गेली, तुझ्या डोळ्यांदेखत. तेही विसरलीस का?"

"सगळं आठवतंय, आक्का. दवाखान्यात डॉक्टरांनी नुसती भीती काढून घेतली. आता झोप लागते, जेवण जातं."

"मग आत येऊ नकोस."

शेवंतानं आत पाहिलं. सगुणाची बहीण फुला दारूची परात पोटाशी धरून भिंतीला चिकटली होती. ती शेवंतालाच घाबरली होती.

त्याच संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. "भीती परत घेतलीत तर सगळी एकदम येईल," डॉक्टरांनी बजावलं.

"येऊ दे," शेवंता म्हणाली.

सोमवारी ती दाराशी आली, तेव्हा घामानं भिजली होती. तिनं तळहात पट्टीवर दाबला आणि तो तिला उचलता येईना. सगुणाचं नाव घेऊन ती हमसाहमशी रडायला लागली. सगुणासाठी ती आजवर रडलीच नव्हती.

फुला उठून बाहेर आली. तिनं शेवंताच्या हातावर आपला हात ठेवला.

"आक्का," ती म्हणाली, "आज हिला काम देऊ नका. नुसतं माझ्याशेजारी बसू द्या."