पाहुणा सात आणि गोफणवाले

"परत तेच," सांगलीचा अतिशय फोनवर म्हणाला. "पाहुणा सात जिंकला. तेही गोफणवाल्यांच्या जोरावर. आणि समोरचा एकही माणूस मेला नाही."

तिकडं फलटणला राजवर्धन हसला. "मग चांगलंच हाय की."

"चांगलं कसलं? सगळ्यात लेचीपेची तुकडी आहे ती. कुणीतरी आकडे फिरवतंय."

मूळ खेळ परदेशी, संगणकावर फौजा लढवायचा. त्यावर तीन दोस्तांनी सहा वर्षं खपून आपला मुलूख चढवला होता. आपले किल्ले, आपले माळ, आपलेच सैनिक. हौशी माणसांनी केलेल्या अशा फेरफाराला मॉड म्हणतात. राजवर्धन नकाशे करायचा, बिरदेव सैनिकांची चित्रं आणि आवाज, आणि अतिशयच्या हातात होता तराजू. कुठल्या तुकडीला किती बळ, किती धीर, ते आकडे तो ठरवायचा. घराणं सांगलीच्या हळदपेठेतलं. मापात पाप त्याला खपायचं नाही.

गोफणीच्या दगडानं या खेळात माणूस सहसा मरत नाही, नुसता त्याचा धीर खचतो. त्यातून अतिशयनं गोफणवाल्यांचं बळ तीनदा उतरवलेलं. तरी हा बहाद्दर घोडदळाच्या कडेकडेनं दगड टाकत त्याला असा वळवायचा, की सगळी फौज शेपूट घालून पळायची. नाव न भरता खेळणाऱ्याला खेळ आपोआप 'पाहुणा' म्हणतो, पुढं एक आकडा लावतो. त्यामुळं तो कोण, हे कळायला मार्ग नव्हता.

पण मेंढरं वळवावीत तशी घोडी वळवणारा कोण, हे सांगायला ज्योतिषी कशाला पाहिजे? बिरदेव आटपाडीकडचा धनगर. गोफणवाले त्यानंच घडवलेले. त्यांना चेहरा दिला तो आपल्या नानासो चुलत्याचा, आणि त्यांची 'हुर्रर्र' ही हाळीही नानासोचीच, माळावर जाऊन भरून घेतलेली. नानासो गेल्या वर्षी वारला.

अतिशयनं जुन्या नोंदी उपसल्या. पाहुणा दुपारी एक ते चार खेळायचा, दिवस मावळल्यावर कधीच नाही. बिरदेवला कुपवाडच्या कारखान्यात दुसरी पाळी, साडेचारची. भाद्रपदात दहा दिवस पाहुणा गायब होता. अतिशयचं घर जैन, तेव्हा पर्युषणाचं व्रत, त्यानं लॅपटॉप उघडलाच नव्हता, म्हणून ते तेव्हा ध्यानात आलं नाही. आणि बिरदेव कुठं होता? चुलतभावाच्या मेंढरांमागं, मोबाइलला रेंज नाही अशा माळावर. बसलं की सगळं चपखल.

जेवताना त्यानं अण्णांजवळ, म्हणजे वडिलांजवळ, विषय काढला. महावीरअण्णांना या खेळाचा तिटकारा. एकदा दुकानातल्या बिलाच्या संगणकावर त्यानं कौतुकानं खेळ घालून दाखवला, तर म्हणाले होते, "ही काय करमणूक? माणसं मारायची?"

"खेळात कोणतरी लबाडी करतंय अण्णा," अतिशय म्हणाला.

"स्वतः हरल्याबिगर दुसऱ्याची लबाडी दिसत नाही बाबा," अण्णांनी भाकरी मोडली. "आळ घ्यायच्या आधी दहादा विचार कर."

अतिशयनं एकदाच केला आणि बिरदेवला विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर बोलावलं.

"दुपारी एक ते चार काय करतोस?"

बिरदेवनं चहाचा घोट घेतला. "झोपतो."

"रोज?"

"रोज. रातचं घरी याला एक वाजतो गड्या. का रं?"

"पाहुणा सात कोण आहे?"

"मला काय ठावं?"

"शपथ घे."

"माझ्या शब्दावर भागंना, तर शपथेवर कसं भागंल?" त्यानं ग्लास खाली ठेवला. तोंड उतरलं होतं. "मला काढायचं तर काढ. पर नानाची हाळी ऱ्हाऊ दे. काकी दर रव्वारी तेवडी ऐकाय येती माज्याकडं. डाव लावतो, गोफणवाले चालवतो. ती ऐकती आन् जाती."

अतिशयनं चहाचे पैसे दिले. सहा वर्षांचा दोस्त. एका ताटात जेवलेले. पण चोराच्या डोळ्यातही पाणी येतंच की, असं त्यानं स्वतःला बजावलं. आणि तराजू धरणाऱ्यानं हात थरथरू द्यायचा नसतो.

संध्याकाळी त्यानं खेळणाऱ्या सगळ्यांना कळवलं: बिरदेवनं लबाडी केली, आजपासून तो आपल्यात नाही. मग गोफणवाले मुळासकट उपटले. चित्रं गेली, आकडे गेले, हाळी गेली. बिरदेवच्या संगणकावरही नवी आवृत्ती आपोआप चढली असणार. राजवर्धननं फोन उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणा सात आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. अतिशयनं समाधानानं मान हलवली. आणखी कुठला पुरावा हवा?

रविवार आला. दिवस मावळायच्या आत बापलेक जेवायला बसले. बिरदेवची काकी आज येऊन गेली असेल, हे अतिशयच्या मनात आलं आणि त्यानं ते झटकलं. अण्णा चार दिवस गप्पगप्पच होते.

"बरं नाही का अण्णा?"

"बरा आहे. दुपारी दुकान बंद केलं की वेळ जात नाही." अण्णांनी ताटातला शेवटचा घास संपवला, कण वाया जाऊ नये म्हणून ताट धुऊन तेच पाणी प्यायले आणि अवघडून विचारलं, "ते गोफणवाले का काढलेस रे? आता कुणाला न मारता जिंकायचं कसं?"