उपासाला चालते

"घ्या की अण्णा," म्हणत गुरम्मानं दोन पांढऱ्या गोळ्या तागडीशेजारी ठेवल्या. "सकाळधरनं कपाळ धरून बसलाव."

गोळ्या भीमाशंकरच्याच दुकानातल्या होत्या. गुरम्माच्या लेकीच्या, शिवगंगाच्या उशाखाली उरलेल्या.

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. चाकूरच्या पेठेत भीमाशंकरच्या घरासकट निम्मी माणसं उपाशी होती, आणि दुपार झाली की उपाशी माणसांची डोकी दुखत. भीमाशंकर सगळ्यांना एकच सांगे, "गोळी म्हंजी काय अन्न न्हाई. उपासाला चालते."

शिवगंगानं ते ऐकलं होतं. श्रावण लागल्यापासून तिनं कडक उपास धरला होता. पोटात दिवसभर काही नसे, फक्त गोळ्या. दोन, मग चार. पंधरवड्यापूर्वी तिला उलटी झाली. काळी, काजळीच्या पाण्यासारखी. निजाम सरकारच्या मोटारीनं नांदेडच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिच्या अंगात रक्त उरलं नव्हतं.

"ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नसते. आतून जठर सोलते," डॉक्टर म्हणाले होते. "देणाऱ्यानं सांगितलं नाही?"

तो प्रश्न घेऊन गुरम्मा परत आली होती. देणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं, एवढंच तिला बघायचं होतं. ज्याला माहीत आहे तो रिकाम्या पोटी या गोळ्या तोंडात घालणार नाही. त्याचा हात थांबला, की पदराखालचं खुरपं बाहेर येणार होतं. दगडावर घासून घासून तिनं त्याला धार लावली होती.

भीमाशंकर गोळ्यांच्या डबीतली माहितीची इंग्रजी चिठ्ठी फाडून तिच्यात पूजेचा कापूर बांधत होता. तो शाळेत शिकला ती उर्दू. या चिठ्ठ्या त्याला पुड्या बांधण्यापुरत्या कामाच्या होत्या.

"अक्का, पोटची पोर गेली तुमची," तो ओशाळून म्हणाला, "अन् तुमी माझ्या डोक्याची काळजी करायलाव."

त्यानं दोन्ही गोळ्या तोंडात टाकल्या आणि तांब्या उचलला. हात कुठंच थांबला नाही.

खुरप्याच्या मुठीवरची बोटं सैल झाली. त्याला ठाऊक नव्हतं. गुरम्माला हलकं वाटायला हवं होतं. पण राग तसाच होता. आता फक्त त्या रागाला जायला जागा नव्हती.

आतून भीमाशंकरची बायको पार्वतम्मा आली. शिवगंगाला मोटारीत चढवताना हिनंच तिला मांडीवर धरलं होतं.

"मला बी द्या वो दोन. डोकं फुटायलंय," ती नवऱ्याला म्हणाली. गोळ्या तळहातावर घेऊन ती गुरम्माजवळ टेकली. "अक्का, डॉक्टर काय म्हनला वो? कशानं गेली आपली पोर?"

गुरम्मानं त्या तळहाताकडं पाहिलं.

"काई कळलं न्हाई म्हनला."

पार्वतम्मानं हळहळत गोळ्या गिळल्या.

माहीत असून न सांगणारं माणूस आता त्या दुकानात होतं, आणि खुरपं त्याच्याच पदराखाली होतं.