निळा ठिपका

पाणी उपसणारी पवनचक्की मोडून तिसरा दिवस होता आणि मेंढ्या कोरडा हौद चाटत होत्या. नातीने अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या राखीव प्रदेशाचा सत्तर वर्षांपूर्वीचा नकाशा आजीपुढे, नानाबाहपुढे पसरला. उंची दाखवणाऱ्या दाट रेषांच्या कुशीत झऱ्याचा एक निळा ठिपका होता. म्हातारी चपापली. सात वर्षांची असताना पेपरमिंटच्या गोळीपायी, हा नकाशा करायला आलेल्या मोजणीवाल्याला तो झरा तिनेच दाखवला होता. "आपलं पाणी परक्याला सांगितलंस!" म्हणत आईने मरेपर्यंत ऐकवलं. पुढे वाळूने झरा गिळला आणि जागा कुणालाच आठवेना. "तेव्हा बोलघेवडी, आता विसरभोळी!" हे ऐकून नात हसली. "हस मेले, पण आधी फावडं उचल." ठिपक्याच्या जागी, लाल कड्याच्या पायथ्याशी कमरेइतकं खणल्यावर वाळू ओलावली आणि पाणी पाझरलं. नानाबाहने रीतीप्रमाणे मक्याचा पवित्र पराग पाण्याला वाहिला, मग मेंढ्या सोडल्या. उरलेली चिमूट तिने निळ्या ठिपक्यावर ठेवली. "पोरी, त्या परक्यानंच आपलं पाणी जपलं गं."